प्रतिसाद: "बरेच दिवस न आलेला आकडा लावा" याबद्दल

लॉटरीबाबत एकानं सुचवलंय की बरेच दिवस न आलेला आकडा धरून ठेवायचा, आता तो यायलाच हवा. इटलीत हा प्रयोग अख्ख्या देशानं करून पाहिलाय.

तिथल्या लोत्तो या लॉटरीत प्रत्येक शहराच्या सोडतीच्या चक्रातून 90 पैकी 5 आकडे निघतात. म्हणजे एका सोडतीत तुमचा आकडा येण्याची शक्यता 18 त 1. व्हेनिसच्या चक्रावर 53 हा आकडा मे 2003 नंतर रुसला तो थेट 9 फेब्रुवारी 2005 ला उगवला. मधल्या 182 सोडती कोरड्या! लोकांनी घरदार पणाला लावलं.

एका ठरावीक आकड्यानं इतकं रुसणं म्हणजे साधारण 33,000 त 1. पण तेव्हा चक्रं होती 10, प्रत्येकावर 90 आकडे; 900 आकड्यांपैकी कुणीतरी कधीतरी रुसणारच. चेंडूंना स्मरणशक्ती नसते, 183 व्या वेळीही शक्यता 18 त 1 च.

खरी मेख दर सोडतीला लावायची रक्कम वाढवत नेण्यात आहे. एक आकडा लावला आणि तो आला, तर आज कराआधी लावलेल्या रकमेच्या 11.232 पट मिळतात (न्याय्य भाव 18 पट!). मागचं नुकसान भरून काढायचं तर एकूण गुंतवणूक दर सोडतीला सुमारे 9.8 टक्क्यांनी फुगते. 100 सोडतींत ती 11,000 पटीच्या वर जाते. सुरुवात एका युरोनं केली तरी. आणि व्हेनिसला अजून 82 सोडती बाकी होत्या.