पाचशे मैल तीन दिवसांत? नको!

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस शहरातून निघून तीन दिवसांत नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे उत्तर किनाऱ्याला वळसा घालून येणारी गाडीची सफर, उरकेल का, असा प्रश्न अनेकांना पडतो. उरकेल, पण मग सगळं गाडीच्या काचेतूनच बघायचं. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किमी ऐकून आपल्याला दोन दिवसांचं काम वाटतं. पण उत्तर-पश्चिमेला बराच रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस', म्हणजे बाजू द्यायला रस्ता रुंद केलेली जागा, गाठायची. ती डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागच्याला घाई असेल तर त्यालाही जाऊ द्यायचं. आणि कृपा करून तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका, लोक मनापासून चिडतात!

आम्ही चौघं जूनमध्ये गेलो होतो. ॲपलक्रॉस गावाला जाणारा ब्यालख ना बा घाट (तिथल्या गेलिक भाषेत 'गुरांची खिंड') ६२६ मीटरपर्यंत चढतो. सह्याद्रीतली माणसं हसतील, पण चढाई थेट समुद्रापासून सुरू होते आणि वळणावर समोर कॅम्परव्हॅन आली की सगळी मस्ती उतरते. आमच्या मित्राने एवढ्या वेळा रिव्हर्स घेतला, की अर्धा घाट उलटाच चढलो म्हणायला हरकत नाही.

जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे घाई नसते. मात्र वारा पडला की मिजेस, म्हणजे चिलटांहून बारीक चावरे किडे, तुटून पडतात. डोक्यावरून घ्यायची जाळी नक्की न्या. पाच दिवस तरी काढाच, आणि वाटेतल्या डरनेस गावाची स्मू गुहा चुकवू नका.