विश्वासावर ठाम राहताना: तुमचे अनुभव इथे लिहा

दुसऱ्या शतकात स्मुर्णाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना रोमी अधिकाऱ्यानं सांगितलं, ख्रिस्ताला शाप दे, तुला सोडतो. 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, असं उत्तर देऊन ते मरणाला सामोरे गेले. आपल्यापैकी बहुतेकांवर येणारा दबाव असा नसतो. समोर आपलीच माणसं असतात आणि ती बऱ्याचदा प्रेमानं बोलत असतात: "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास?" अशा वेळी तुम्ही काय केलंत? प्रसंग लहान असला तरी लिहा. उपदेश नको, घडलं ते सांगा.

हिशेब विभागातून

वर्षअखेरीला साहेबांनी पुढच्या वर्षातली विक्री याच वर्षात दाखवायला सांगितली. दरडावून नाही, "आपल्या सगळ्यांच्या भल्यासाठी" म्हणून. तेच जड गेलं. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मनात होता. राजाच्या पंक्तीचं अन्न त्यानं नाकारलं, पण अधिकाऱ्याची भीती समजून घेतली आणि 10 दिवस पारख करून पाहा, असा मार्गही सुचवला. मीही नुसतं "जमणार नाही" म्हटलं नाही. खरे आकडे, हाती असलेल्या ऑर्डरी आणि तूट का आली याचं टिपण करून दिलं. ते बाजूला ठेवून नोंदी दुसऱ्याकडून करून घेतल्या गेल्या. महत्त्वाच्या बैठकांना मला बोलावणं थांबलं, पगारवाढही राहिली. दानीएलासारखा चांगला शेवट माझ्या वाट्याला आला नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. उद्या पुन्हा सांगितलं तर पुन्हा तेच टिपण देईन.

वसतिगृहातला विद्यार्थी

दारूच्या पार्ट्यांना जात नाही म्हणून मला "पाळकसाहेब" (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) म्हणतात. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन (1 पेत्र 4:4) वाचलं तेव्हा चकित झालो: तुम्ही त्यांच्याबरोबर वाहवत जात नाही याचं त्यांना नवल वाटतं आणि ते तुमची निंदा करतात. म्हणजे हे टोमणे पहिल्या शतकापासूनचे आहेत! रात्री कुणाला सांभाळून खोलीवर आणायचं असलं की फोन मलाच येतो. मी जातो.

घरातली एकटी विश्वासी

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आई भांडली नाही. रडली. "आमच्यात काय कमी पडलं?" या प्रश्नाला वादविवादातलं कुठलंही उत्तर पुरत नाही. घरच्या विधींना यायचं की नाही, यावर मी फार झगडले. कुणी म्हणालं उंबऱ्यालाही उभी राहू नकोस, कुणी म्हणालं सगळं कर, मनात प्रभू असला की झालं. मला बायबलच्या 2 राजे 5 मधल्या नामान या परक्या सेनापतीनं आधार दिला. यापुढे परमेश्वराखेरीज कुणाला अर्पण करणार नाही, असं तो सांगतो, आणि त्याच दमात विचारतो: माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची मला क्षमा होईल का? अलीशा संदेष्टा त्याला झिडकारत नाही, शांतीनं जा म्हणतो. या वचनाचा अर्थ लावताना मतभेद आहेत, पण त्यातली कोवळीक मला हवी होती. मी आईला सांगितलं: पूजा मी करणार नाही, पण त्या दिवशी घरातलं बाकी सगळं काम माझं. आज तिचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय, तिची सेवा मीच करते. तिचा विश्वास बदललेला नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांनी तो निर्णय काही वर्षांनी, स्वतः विचार करून घेतला. म्हणून मी आईला घाई करत नाही.

धावपटू

स्कॉटिश ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल यांची गोष्ट इथे हवीच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी होत्या, म्हणून ते धावले नाहीत. 400 मीटर धावले आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. मला पदकापेक्षा हे मोलाचं वाटतं की त्यांचा निर्णय कित्येक महिने आधीच झाला होता. मीसुद्धा हंगाम सुरू होण्याआधीच प्रशिक्षकांना उपासनेची वेळ सांगून ठेवतो. ऐनवेळी सांगितलं तर संघाची अडचण होते.

एक आई

माझ्यावरचा दबाव आमच्या चर्चच्या मंडळीतूनच आला. मुलीचा आजार बरा होईना तेव्हा "तुमचा विश्वास कमी पडतोय", "कुठलं पाप लपवलंय का पाहा" असं ऐकवलं गेलं. बाहेरच्यांचे टोमणे सोसता येतात. हे नाही सोसवलं. मंडळी सोडावी असं कितीदा वाटलं. बायबलमधल्या दुःखात सापडलेल्या ईयोबाचे मित्र 7 दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर चांगले होते, बोलू लागले आणि बिघडलं. शेवटी देवाचा राग पेटला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही (42:7). हा अध्याय मी पाळकांसमोर उघडून ठेवला. त्यांनी ऐकून घेतलं, याचं श्रेय त्यांना देते. आता भेटायला येणाऱ्यांना मी सरळ सांगते: प्रार्थना जरूर करा, आणि तासभर तिच्याजवळ बसा, म्हणजे मला औषधं आणायला जाता येईल.