नवा राउटर लावला आणि नेट गेलं: तुमचं कसं सुटलं?

इंदिरानगरहून

आमचा जुना राउटर म्हातारा झाला होता, म्हणून महात्मा गांधी रोडवरून नवा आणला. शनिवारी संध्याकाळी जुना काढून नवा लावला. वायर तीच, युजरनेम-पासवर्ड जुन्यातून जसाच्या तसा उतरवलेला. तरी दिवा नारिंगी. जुना लावला की नेट सुरू, नवा लावला की बंद. अख्खा रविवार त्यात गेला. मुलाची सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग, त्यामुळे तो माझ्या मागे येरझाऱ्या घालतोय. कंपनीच्या फोनवर "मॉडेम बंद करून चालू करा" याच्या पुढे गाडी सरकेना.

पाचव्या फोनला कुणीतरी शहाणा भेटला. म्हणाला, तुमच्या खात्याला जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस बांधलेला आहे. हा क्रमांक प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळतो. कंपनीकडे ओळखीचा क्रमांक दिसला तरच दार उघडतं. बदलून द्यायला सोमवारची दुपार होईल म्हणाला. मी जुन्या राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवरचा क्रमांक नव्याच्या 'मॅक क्लोन'मध्ये (दुसऱ्या यंत्राचा मॅक आपला म्हणून सांगायची सोय) भरला. तरी ढिम्म! मग जुना पुन्हा लावून त्याचं स्टेटस पान उघडलं, तर तिथे वॅनचा, म्हणजे कंपनीकडच्या बाजूच्या जोडणीचा, मॅक वेगळाच होता, शेवटचं अक्षर एकाने पुढे. तो भरला आणि मिनिटभरात नेट.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कंपनीचं नाव मात्र नको, नाहीतर सगळी चर्चा शिव्यांवर जाईल. काय बिघडलं होतं आणि ते कसं कळलं, एवढं हवंय.

पंचवटीहून

आमचा जुना वाडा, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती. वायफाय ओसरीतून माजघरात येईना. दिरांनी दुसरा राउटर आणला, मॉडेमची वायर त्याच्या चार सारख्या भोकांपैकी एकात खोचली आणि मोकळे झाले. वॅनचं वेगळ्या रंगाचं भोक रिकामंच. मग सुरू झाली गंमत. सासूबाईंचा टीव्ही चालतोय, माझा फोन बंद. तासाभराने माझा फोन चालू, टीव्ही बंद. त्यांना वाटलं मीच काहीतरी केलं!

झालं होतं असं की घरातल्या यंत्रांना नेटवरचे पत्ते (आयपी) वाटणारे दोघे झाले होते. मॉडेमही डीएचसीपीने पत्ते देतोय, राउटरही देतोय. ज्याला मॉडेमकडून पत्ता मिळाला त्याचं नेट चालू. ज्याला राउटरकडून मिळाला तो बाहेरचा रस्ता राउटरला विचारणार, आणि राउटरच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही. एका चुलीवर दोन सुगरणी म्हणतात तसं.

भाच्याने राउटरचं डीएचसीपी बंद केलं आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करून दिला. वायर आहे त्याच भोकात राहू दिली. आता तो नुसतं वायफाय पसरवतो.

कॉलेज रोडहून

माझं वेगळं. वायर बरोबर वॅनमध्येच होती. पण मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि राउटरचाही तोच. राउटरला पलीकडेही आपलंच घर दिसतंय, मग पाठवायचं कुठे? राउटरचा बदलून १९२.१६८.५०.१ केला आणि संपलं. हल्लीचे काही राउटर हा गोंधळ ओळखून आपणहून पत्ता बदलतात, माझा तेवढा हुशार नव्हता.

नाशिकरोडहून

ब्रिज मोडच्या (मॉडेमने नेट नुसतं पुढे द्यायचं, लॉगिन राउटरने करायचं) नादी लागलात तर आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (एकाच वायरीतली वेगवेगळी वाहतूक ओळखायचा क्रमांक). मी नुसता "ब्रिज करून द्या" म्हणालो. कंपनीच्या मुलाने करून दिलं आणि निघून गेला. राउटरमध्ये लॉगिन होईना, कारण पासवर्ड आतापर्यंत मॉडेमच भरत होता, मला तो माहीतच नव्हता. तो मिळवण्यात दोन दिवस. मग कळलं व्हीलॅनही टाकावा लागतो. तोही टाकला. नेट आलं, पण आईचा लँडलाइन मुका! फोन मॉडेममधूनच चालायचा आणि त्या मुलाने ब्रिज करताना आवाजाची सेटिंगही पुसली होती. बोरिवलीच्या मावशीचा फोन चार दिवस लागला नाही, यावरून मी अजून ऐकून घेतोय.

सातपूरहून

थोडक्यात. वीज येते-जाते. राउटर इन्व्हर्टरवर, मॉडेम साध्या बोर्डावर. वीज आली की नेट येतच नसे. मॉडेमवरचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर बंद-चालू केला की येई. आता दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत.

देवळाली कॅम्पहून

मी वायर ओढण्याचंच काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. राउटरला शिव्या घालण्याआधी मॉडेमकडे बघा. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर तुमच्या राउटरचा काही संबंध नाही, प्रकाशच पोचत नाहीये. नवा राउटर बसवताना लोक मॉडेम मागे ढकलतात, पिवळी वायर शोकेसमागे काटकोनात वळते. ती तांब्याची नाही हो, आत काच आहे. परवा म्हसरूळला एका घरी प्रकाश मोजायच्या मीटरवर उणे ३१ दाखवत होतं. उणे २७ च्या खाली गेलं की मॉडेमला धरवत नाही. वायर सैल केली, उणे २१ वर आलं. आणि त्या वायरीच्या टोकात डोळा लावून बघू नका, लेझर आहे.

लाल नसेल तर लॅपटॉप थेट मॉडेमला लावा. तिथे नेट आलं तर भानगड राउटरकडे. मग राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता वाचा. ०.०.०.० असेल तर पलीकडून काहीच मिळालं नाही: वायर, पासवर्ड किंवा वर इंदिरानगरवाल्यांनी लिहिलंय तो मॅक. पत्ता मिळालाय तरी साइट उघडत नाही, तर डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ८.८.८.८ टाकून बघा. आणि पासवर्ड बरोबर असून लॉगिन नाकारत असेल तर दहा मिनिटं थांबा. जुन्या राउटरचं सेशन, म्हणजे चालू लॉगिन, वर कंपनीकडे अडकलेलं असतं, कंपनी एका खात्याला एकच सेशन देते. लोक त्या दहा मिनिटांत चाळीस वेळा रीस्टार्ट करतात.

दिंडोरी रोडहून

@देवळाली, तुमच्यामुळे माझं कोडं सुटलं. द्राक्षबागेत कॅमेरे लावलेत. तिथे नवा राउटर टाकल्यावर नेट चालतंय, पण घरून कॅमेरा दिसेना. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला कॅमेऱ्याकडे वळवणं, राउटरमध्ये केलं होतं. आत्ता वॅनचा पत्ता पाहिला, १९२.१६८ ने, म्हणजे घरातल्या पत्त्यासारखा, सुरू होतोय. म्हणजे पुढे मॉडेमही राउटरगिरी करतोय, बरोबर ना?

देवळाली कॅम्पहून

बरोबर. दुहेरी नॅट, म्हणजे पत्ता बदलून पुढे पाठवायचं काम दोघेही करतायत. मॉडेम ब्रिज करा, नाहीतर तेच पोर्ट मॉडेममध्येही उघडा. पण मग मॉडेमचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला तर कंपनीनेच अनेक गिऱ्हाइकांत एक पत्ता वाटलाय. तिथे तुमचं काही चालणार नाही. स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्या किंवा कॅमेरा त्याच्या क्लाउड ॲपवर चालवा.

गंगापूर रोडहून

तुमचे सगळ्यांचे आजार फारच उच्च दर्जाचे आहेत. आमचा मॉडेम नवा राउटर आल्यापासून दर दहा मिनिटांनी आपणहून बंद-चालू व्हायचा. तीन तक्रारी केल्या. चौथ्यांदा आलेल्या मुलाने बोर्डाकडे पाहिलं आणि हसला. दोन्ही अडॅप्टर काळे, पिन सारखी. राउटरचा ९ व्होल्टचा मी मॉडेमला लावला होता आणि मॉडेमचा १२ चा राउटरला. राउटर वाचला हे नशीब. आता दोन्हींवर बायकोने नेलपॉलिशने खुणा केल्यात, लाल मॉडेमचा, गुलाबी राउटरचा. मला दोन्ही सारखेच दिसतात.