मोहोळ वाढू दे, पण काळ्या रानावर कशाला?

रब्बीवाला
सोलापूरहून पुण्याकडे निघालं आणि सावळेश्वरचा टोल मागे पडला की पूर्वी दोन्ही अंगाला ज्वारी दिसायची. आता सिमेंटचे खांब, मुरमाचे रस्ते आणि ‘एनए प्लॉट’चे, म्हणजे बिगरशेती प्लॉटचे बोर्ड. मोहोळ शहर वाढतंय याचा मला आनंदच आहे. माझं भांडण जागेशी आहे.

आपल्या भाकरीची ज्वारी, मालदांडी 35-1 हे वाण, मोहोळच्याच संशोधन केंद्रानं 1930च्या दशकात निवडलेलं. तिला भारी काळं रानच का लागतं? हस्ताचा पाऊस ते रान पोटात साठवतं आणि पुढं चार महिने, पाण्याची एकही पाळी न देता, ज्वारी त्या ओलीवर येते. अशा रानात मुरूम ओतून एकदा रोलर फिरवला की तिथं पुन्हा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येत नाही. परवा एका नव्या ले-आउटमध्ये गेलो होतो. मुरमाच्या कडेनं ज्वारीची दोन ताटं आपोआप उगवलेली, चांगली कमरेएवढी. बघून गलबलून आलं.

तालुक्यात माळरान कमी आहे का? प्लॉट तिकडं पाडा.

बांधावरचा
दादा, बोलायला सोपंय. माझं चार एकर, सगळं काळं. ज्वारी काढायची म्हणजे मुळासकट उपटायची, हाताची सालटी निघतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पीक चांगलं आलं की भाव पडतो. कडब्याचे दोन पैसे होतात म्हणून पेरतो, खरं सांगायचं तर.

दीड एकर विकलं. सोसायटीचं कर्ज फिटलं, पोरगी सोलापुरात शिकतीय. तुम्हाला भाकरी पाहिजे म्हणून मी रान राखायचं, आणि माझ्या पोरीनं काय करायचं? आणि माळावर प्लॉट घेणार कोण? तिकडं ना रस्ता, ना पाणी. गिऱ्हाईक हायवेला धरूनच जागा मागतं.

चिंचोळीची शिफ्ट
चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला आहे, भाड्यानं राहतो. आम्हालाही घर लागतंच. हायवेपासून लांब गेलो तर रात्रपाळी सुटल्यावर घरी पोचायचं कसं?

ओढ्याकाठची
मी तशाच एका प्लॉटवर राहते, म्हणून लिहिते. सातबाऱ्यावर अकरा गुंठ्यांत आम्ही पाच जण सामाईक. घेतलं तेव्हा दीड-दोन गुंठ्यांची वेगळी नोंद होत नव्हती, कारण शेताचे छोटे तुकडे पाडू न देणारा 1947चा तुकडेबंदी कायदा. हे कुणी सांगितलं नाही.

त्याहून मोठा त्रास जमिनीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पहिल्याच वर्षी स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरकी चीर गेली. बुजवली. दुसऱ्या मे महिन्यात तिच्यात नाणं उभं राहील एवढी झाली. गवंडी म्हणाला, पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यायला हवा होता, पण तेवढे पैसे होते कुठं? सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीला पूर आला, लांबोटीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. ते नदीचं नव्हतं. ले-आउट पाडताना ओढा बुजवला होता, त्याचं होतं.

रब्बीवाला दादा ज्वारीसाठी बोलतात. मी घरासाठी सांगते, काळं रान घरालाही चांगलं नाही. माळावर मुरूम वर असतो, पाया स्वस्तात होतो.

रब्बीवाला
ताई, भिंतीचं मला सुचलंच नव्हतं.

बांधावरचे दादा, तुमचं बरोबर आहे. शेतकऱ्यानं फुकट राखण करावी असं मी म्हणूच शकत नाही. माळावर रस्ता आणि नळाची लाइन आधी न्यावी, मग प्लॉट पडावेत. आज उलटं चाललंय, आधी प्लॉट, मग दहा वर्षं टँकर. शिफ्टवाल्या दादांसाठी तिथवर एसटी हवीच. पण काळं रान विकलं जातंय ते हौसेनं नव्हे, अडचणीनं. म्हणूनच हे नगरपरिषदेनं शहराच्या आराखड्यातच धरलं पाहिजे, एकट्या शेतकऱ्याच्या गळ्यात टाकू नये. एवढ्यावर मी ठाम आहे.

बांधावरचा
लाइन माळावर गेलेली दिसली की राहिलेलं अडीच एकर मी विकत नाही, हे लिहून देतो. तोवर शब्द देत नाही, पोरीची दोन वर्षं अजून बाकी आहेत.

यंदा त्यात मालदांडीच आहे. ताई, घरच्यांना घेऊन हुरड्याला या. दादा, तुम्ही पण.