लॉन्च टेम्प्लेट बदललं, अप्लाय पण झालं, तरी सर्व्हर जुनेच येलालेत

शहापूरकर_बेळगाव

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका छोट्या कंपनीत आहे, आमच्याकडं बसच्या तिकीट बुकिंगची साइट आहे. पुण्या-मुंबईला कामाला असलेली आपली माणसं गणपतीला गावाकडं येतात त्याची सगळी गर्दी आमच्यावर, एरवी दोन सर्व्हर निवांत झोपा काढतात आणि चतुर्थीच्या आधी आठ पण पुरत नाहीत. म्हणून ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) ऑटो स्केलिंग ग्रुप लावलाय, म्हणजे गर्दीप्रमाणं सर्व्हर आपोआप वाढवणारा-कमी करणारा, सगळं टेराफॉर्ममधून (कोडात लिहून अप्लाय केलं की तसं उभं करणारं टूल), मुंबई रीजन.

जुना कोड लॉन्च कॉन्फिगरेशनचा होता (नवीन सर्व्हर कसा काढायचा ते लिहायची जुनी पद्धत), माझ्या आधीच्या माणसानं लिहिलेला. यंदा नवीन अकाउंट काढलं आणि तिथं तो चालेचना, म्हणून मी लॉन्च टेम्प्लेटवर (त्याचीच नवी पद्धत, प्रत्येक बदलाला नवी व्हर्जन) आणालोय. आधी युजर डेटावरच (सर्व्हर उभा राहताना चालणारी स्क्रिप्ट) अडकलं, बेस६४ (मजकूर ठराविक अक्षरांत बदलून लिहायची पद्धत) चुकीचं आहे म्हणून एरर, मग स्क्रिप्ट एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकून आलेलं लांबलचक पेस्ट केलं तर चाललं. आता प्रॉब्लेम असा की सर्व्हरचा साइज टी३ स्मॉलचा टी३ मीडियम केला, अप्लाय केलं, एरर काही नाही, कन्सोलमध्ये टेम्प्लेटची व्हर्जन ४ दिसालीय, त्यात मीडियमच आहे. पण सर्व्हर स्मॉलच! वैतागून एक हातानं टर्मिनेट केला तर त्याच्या जागी आलेला पण स्मॉलच. आणि डिस्क ३० जीबी लिहिलीय तरी आत जाऊन बघितलं तर रूट (मुख्य डिस्क) ८ जीबीच दिसालंय, उबुंटू आहे. दोन दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय. काय चुकालंय सांगा की.

खानापूर_जंगलवाला

ग्रुपमध्ये लॉन्च टेम्प्लेटचा ब्लॉक आहे ना, त्यात व्हर्जन काय दिलंयस? काहीच दिलं नसशील तर ते डिफॉल्ट व्हर्जन धरतंय, आणि डिफॉल्ट म्हणजे पहिली, तू मुद्दाम बदलेपर्यंत पहिलीच राहते. चौथी काढ नाहीतर चाळीसावी काढ, ग्रुप आपला पहिलीलाच धरून बसणार.

निपाणीचा_गडी

व्हय, हेच असणार. भावा, व्हर्जनमध्ये डॉलर लेटेस्ट ($Latest, म्हणजे सगळ्यात नवीन व्हर्जन) टाक आणि विषय संपव. आम्ही दोन वर्षं तेच वापरतोय, काय बी होत नाही.

शहापूरकर_बेळगाव

होय ओ, व्हर्जन दिलंच नव्हतं! डॉलर लेटेस्ट टाकलं, अप्लाय केलं. आता एक मारला तर मीडियम आला. पण दुसरा अजून स्मॉलच चालालाय. मग प्रत्येक वेळी हातानं मारत बसायचं काय? आणि गर्दीत आठ असतील तेव्हा?

उद्यमबाग_ऑप्स

इथं मूळ गोष्ट डोक्यात बसली पाहिजे, नाहीतर दर बदलाला हेच होणार. माझे वडील उद्यमबागेत फाउंड्रीला होते, लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा बघितलंय. पॅटर्न बदलला म्हणून काल ओतलेलं कास्टिंग बदलत नाही, नवीन पॅटर्नचं पाहिजे तर परत ओतावं लागतं. लॉन्च टेम्प्लेट म्हणजे तो पॅटर्न. ग्रुप त्याच्याकडं फक्त नवीन सर्व्हर काढताना बघतो, चालू असलेल्याला हात लावत नाही. टेराफॉर्मनं "झालं" म्हटलं ते पॅटर्न बदलून झालं एवढंच.

परत ओतायला इन्स्टन्स रिफ्रेश आहे, म्हणजे चालू सर्व्हर काढून त्यांच्या जागी नवे आणणं. ग्रुपच्या रिसोर्समध्येच (टेराफॉर्ममधला ग्रुपचा कोड) त्याचा ब्लॉक टाकता येतो, स्ट्रॅटेजी रोलिंग, म्हणजे थोडे थोडे करून. पण डॉलर लेटेस्ट ठेवलंस तर तो आपोआप सुरू होत नाही, कारण टेम्प्लेटची पाचवी व्हर्जन निघाली तरी ग्रुपमध्ये लिहिलेलं अक्षर तेच, डॉलर लेटेस्ट, टेराफॉर्मला ग्रुपमध्ये फरकच दिसत नाही. म्हणून तिथं टेम्प्लेट रिसोर्सचा लेटेस्ट व्हर्जन हा ॲट्रिब्यूट दे, त्यात खरा आकडा येतो. मग प्लॅनमध्येच (काय बदलणार ते अप्लायच्या आधी दाखवणारी यादी) ४ चं ५ होताना दिसतं आणि अप्लाय केलं की रिफ्रेश लागतो.

तुझे एरवी दोनच सर्व्हर म्हणतोस, मग हे पण बघ. मिनिमम हेल्दी टक्केवारी (रिफ्रेश चालू असताना कमीत कमी किती सर्व्हर चालू पाहिजेत) न सांगता ९० असते आणि साधा रिफ्रेश आधी जुना काढतो मग नवीन आणतो, म्हणजे थोडा वेळ एकाच्याच गळ्यात सगळं. मिनिमम १०० आणि मॅक्सिमम हेल्दी १५० कर, मग आधी तिसरा उभा राहील, तो हेल्दी झाला की एक जुना जाईल. तेवढ्या वेळाचे पैसे जास्त पडतात, पण तिकीट काढणाऱ्याला पांढरं पान दिसण्यापेक्षा परवडतं.

निपाणीचा_गडी

आमच्यात रिफ्रेश आम्ही कमांडनं हातानं लावतो, डॉलर लेटेस्ट तसंच आहे. पाहिजे तेव्हा लावता येतंय की. प्रत्येक अप्लायला आपोआप सुरू व्हायला लागलं तर उलट भीती वाटते लगा.

उद्यमबाग_ऑप्स

तुमच्यात लावायचं लक्षात ठेवणारा माणूस आहे म्हणून चालतंय. आमच्यात एकानं दुपारी टेम्प्लेट बदललं, रिफ्रेश उद्या लावू म्हणून घरी गेला, संध्याकाळी ट्रॅफिक वाढलं आणि ग्रुपनं नवीन तीन काढले ते नव्या व्हर्जनचे, जुने चार जुन्याचे. नव्यात सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरशी कोण बोलू शकतं त्याचे नियम) चुकला होता. हेल्थ चेक लोड बॅलन्सरवरचं (येणारी गर्दी सर्व्हरांत वाटणारा) नव्हतं, त्यामुळं ग्रुपच्या लेखी सगळे ठणठणीत, इकडं डेटाबेसपर्यंत पोचतच नाहीत. रात्री अकरापर्यंत शोधत होतो. डॉलर लेटेस्टचा घोळ तो हाच, बदल कधी लाइव्ह होणार ते तू नाही, गर्दी ठरवते.

टिळकवाडी_ते_बेंगळुरू

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला दुसऱ्याच गोष्टीचा धसका बसला. ऑनलाइन कन्व्हर्टरवर स्क्रिप्ट टाकलीस? त्यात डेटाबेसचा पासवर्ड वगैरे नव्हता ना रे? असला तर आजच बदल, आधी ते कर मग बाकीचं वाच.

बेस६४ साठी बाहेर जायची गरजच नाही, टेराफॉर्ममध्ये बेस६४ एन्कोड नावाचं फंक्शन आहे, स्क्रिप्टची फाइल त्याच्यातून काढायची. लॉन्च कॉन्फिगरेशनचा रिसोर्स साधा मजकूर घेऊन स्वतः एन्कोड करायचा, लॉन्च टेम्प्लेटचा करत नाही, म्हणून जुना कोड उचलून टाकला की सगळे हमखास इथंच आपटतात. आणि बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही उलटं करून वाचू शकतं. पासवर्ड पॅरामीटर स्टोअरमध्ये (एडब्ल्यूएसची अशा गोष्टी ठेवायची जागा) ठेव आणि सर्व्हरला आयएएम रोल (ते वाचायची परवानगी) देऊन तिथून घे.

आता डिस्क. लॉन्च कॉन्फिगरेशनमध्ये रूट ब्लॉक डिव्हाइस असा सरळ ब्लॉक होता, नाव द्यायला लागायचं नाही. टेम्प्लेटमध्ये तो नाही, ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग आहे आणि तिथं डिव्हाइसचं नाव आपण द्यायचं. माझा अंदाज, तू कुठल्या तरी उदाहरणातून एक्सव्हीडीए उचललंयस. ते ॲमेझॉन लिनक्सचं रूट. उबुंटूच्या इमेजचं (ज्या तयार डिस्कवरून सर्व्हर बनतो ती) एसडीए१. नाव जुळलं नाही की तुझे ३० जीबी ही वेगळी, दुसरी डिस्क म्हणून लागते आणि रूट ८ चं ८ राहतं. एरर नाही, काही नाही, फक्त बिल येतं. आत जाऊन डिस्कची यादी काढ, रिकामी ३० जीबी पडलेली दिसेल.

नवीन अकाउंटवर जुना कोड का चालला नाही तेही सांगते, १ ऑक्टोबर २०२४ पासून पुढं काढलेल्या अकाउंटला लॉन्च कॉन्फिगरेशन तयारच करता येत नाही. जुन्या अकाउंटला चालतं, पण २०२२ नंतर आलेले इन्स्टन्स टाइप त्यात मिळत नाहीत. तेव्हा परत तिकडं जायचा विचारही करू नकोस.

शहापूरकर_बेळगाव

ताई, पासवर्ड होता. 🤦 बदलला. सरांना सांगितलं नाही अजून, सांगतो.

डिस्कचं पण तंतोतंत तसंच निघालं, रिकामी ३० जीबी लावून ठेवलेली, प्रत्येक सर्व्हरला एक! एसडीए१ करून टाकलं.

खानापूर_जंगलवाला

सांग रे सरांना, दुसऱ्याकडून कळलं तर जास्त बोलतील.

एक विचारतो, ग्रुपमध्ये डिझायर्ड कपॅसिटी (किती सर्व्हर पाहिजेत तो आकडा) २ अशी लिहिलीयस काय? असेल तर गणपतीच्या आधी काढ, नाहीतर लाइफसायकलमध्ये इग्नोर चेंजेसला टाक, मग टेराफॉर्म त्या आकड्याला हात लावत नाही. गर्दीत ग्रुपनं स्वतः वाढवून ८ केलेले असतात, तू कुठला तरी टॅग बदलायला अप्लाय मारतोस आणि टेराफॉर्म कोडात २ आहे म्हणून ८ चे २ करून मोकळं. ऐन बुकिंगच्या वेळी. हे मी दुसऱ्याचं ऐकून सांगत नाही.

शहापूरकर_बेळगाव

अपडेट. इग्नोर चेंजेस टाकलं, लेटेस्ट व्हर्जनचा ॲट्रिब्यूट टाकला, १०० आणि १५० केलं, काल रात्री साडेअकराला अप्लाय मारलं. अप्लाय संपलं, बघतो तर सर्व्हर अजून जुनेच, म्हटलं परत तेच काय, तेवढ्यात लाईट गेली, राउटर बंद, अख्खी गल्ली अंधारात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल उघडेपर्यंत जीव वरखाली. बघितलं तर रिफ्रेश आपला चालूच, ५० टक्के झालेला.

उद्यमबाग_ऑप्स

टेराफॉर्म फक्त रिफ्रेश सुरू करून देतं, संपेपर्यंत थांबत नाही. पुढचं सगळं तिकडं मुंबईत होतंय, तुझ्या गल्लीतल्या लाईटशी त्याचा संबंध नाही. अप्लाय चालू असताना गेली असती तर मात्र स्टेटला (काय काय उभं केलंय त्याची टेराफॉर्मची नोंद) लॉक अडकून राहिलं असतं आणि सकाळी फोर्स अनलॉक करत बसला असतास. यूपीएस घे राउटरला.

शहापूरकर_बेळगाव

सकाळी दोन्ही मीडियम, रूट ३०. आता फक्त एक राहिलंय, सर्व्हर उभा राहिल्यावर स्क्रिप्ट सहा-सात मिनिटं पॅकेजच इन्स्टॉल करत बसते, आणि कधीकधी ते संपायच्या आधीच ग्रुप त्याला अनहेल्दी म्हणून मारून दुसरा काढालाय.

टिळकवाडी_ते_बेंगळुरू

ग्रेस पीरियड (नवीन सर्व्हरची तब्येत तपासायच्या आधी दिलेली सवलत) काही दिला नसेल तर टेराफॉर्म ३०० सेकंद धरतं, म्हणजे पाच मिनिटं, तुझी स्क्रिप्ट सात घेते. आजच्यापुरतं ६०० कर. पण गर्दी वाढल्यावर सात मिनिटांनी येणारा सर्व्हर काय कामाचा, तोवर माणूस दुसऱ्या साइटवर तिकीट काढून मोकळा. पॅकेजेस आधीच घालून पॅकरनं (इमेज बनवायचं टूल) स्वतःची इमेज बनव, स्क्रिप्टमध्ये फक्त कॉन्फिग आणून सर्व्हिस चालू करणं ठेव. आणि त्या इमेजचा आयडी कोडात पक्का लिही, सगळ्यात नवीन शोधून घे असं डेटा सोर्सला (टेराफॉर्ममधला माहिती शोधून आणणारा भाग) सांगू नकोस, नाहीतर कुणी नवी इमेज बनवली की पुढच्या साध्या अप्लायला तुझा रिफ्रेश लागलाच.

निपाणीचा_गडी

मी पण लेटेस्ट व्हर्जनचा ॲट्रिब्यूट टाकला आज. उद्यमबागवाल्यांना सांगू नका.