शाफ्टच्या अस्तरातील निचरा-छिद्रे बुजवावीत का?

प्रश्न :
आमच्या शाफ्टची (जमिनीत खोल उतरणाऱ्या उभ्या विवराची) आतील त्रिज्या 3 मीटर असून त्याला 30 सेंटिमीटर जाडीचे साध्या काँक्रीटचे अस्तर आहे. 200 मीटर खोलीवर, भेगाळलेल्या वालुकाश्माच्या थरात, निचरा-छिद्रांतून पाणी सतत वाहते आणि उपशाचा खर्च वाढत चालला आहे. ही छिद्रे ग्राउटने, म्हणजे दाबाने भरल्या जाणाऱ्या सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, कायमची बुजवण्याचा प्रस्ताव आहे. त्यामुळे अस्तरावरील दाब वाढेल का?

उत्तर 1 :
आपली शंका रास्त आहे. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब येतो; म्हणजे भूजलपातळी जमिनीलगत असेल, तर आपल्या खोलीवर 20 बार, अर्थात 2 मेगापास्कल. छिद्रे वाहती आहेत तोवर हा दाब अस्तराशी येईपर्यंत बराच उतरलेला असतो; ती बुजवली की पाणी थांबते, पण दाब हळूहळू भरत जाऊन पूर्णपणे अस्तराच्या पाठीवर येतो. आपल्याच मापांनी, 2 गुणिले बाहेरची त्रिज्या 3.3 भागिले जाडी 0.3, असे काँक्रीटमधील प्रतिबल (आतला ताण) सुमारे 22 मेगापास्कल निघते. 25 मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटला मग सुरक्षिततेसाठी जवळपास काहीच उरत नाही, आणि जुन्या अस्तराची जाडी सर्वत्र सारखी असेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर 2 :
सहमत आहे, मात्र ग्राउटिंगच नको, असा याचा अर्थ घेऊ नये. अस्तरापासून काही मीटर आत, खडकातच ग्राउटचे कडे तयार केले, तर बहुतेक दाब ते कडे आणि खडक पेलतात, आणि आत येणारा थोडा पाझर छिद्रांवाटे काढता येतो. अस्तराच्या अगदी मागे ग्राउट भरताना पंपाचा दाबही अस्तरावरच येतो, हे विसरू नये. आधी पिझोमीटर बसवून प्रत्यक्ष दाब मोजावा.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. दोन छिद्रे आपोआप कोरडी पडली असून त्यांच्या तोंडाशी पांढरा, कठीण थर साचला आहे. आम्ही हे सुचिन्ह मानत होतो.

उत्तर 1 :
तो बहुधा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा थर आहे आणि छिद्र चोंदल्याची ती खूण आहे. ती दोन्ही छिद्रे आधी ड्रिलने मोकळी करावीत. मात्र तोंड उघडताच पाणी जोराने उसळू शकते, म्हणून माणसाने समोर न थांबता बाजूला उभे राहावे. पहिले पाणी काचेच्या बरणीत धरून ठेवावे. पाणी स्थिर झाल्यावर तळाशी बारीक वाळू बसली, तर अस्तरामागचा थर धुपतो आहे असे समजावे.