मदत हवी आहे: कुंपणाच्या कामाआधी कळलावीचे कंद हलवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

रोहा तालुक्यात आमची थोडी जागा आहे. मागे ऐन-किंजळाचं रान आणि रानाच्या कडेला करवंदीच्या जाळ्या. दर पावसाळ्यात त्यांच्यावर कळलावी चढते. कोणी लावलेली नाही, तिची तीच. पानांच्या टोकांची वेटोळी काट्यांना धरत वर जाते आणि गणपतीच्या सुमारास फुलते: आधी हिरवट-पिवळी, मग केशरी, शेवटी लालभडक. आमच्याकडे हिला गौरीचे हात म्हणतात, पूजेलाही हीच लागते.

दिवाळीनंतर त्याच कडेने चिऱ्याचं कुंपण घालायचंय. पायासाठी जेसीबी येणार. हद्दच तिथून जाते, त्यामुळे सरकायला वाव नाही. म्हणून वेल वाळले की कंद काढावेत म्हणतोय. काढलेले कंद पावसाळ्यापर्यंत कोरड्या वाळूत ठेवू, की लगेच पुरू? आणि कुठे? आंब्याखाली गार सावली आहे. विहिरीकडे निरगुडीच्या कडेला सकाळचं ऊन येतं, पण पावसात पाणी तुंबतं. घरी लहान भाची आहे आणि वेल सगळाच विषारी, त्यामुळे अंगणात कुंडीत लावणं बाद. नर्सरीतून नवीन आणा, हा सल्ला कृपया नको. हीच वाचवायची आहे.

प्रतिसाद:

आंब्याखाली नको. रानातली असली तरी ही गर्द सावलीतली नाही. मुळाशी सावली, शेंड्याला ऊन, चढायला झुडूप, एवढं तिला हवं. निरगुडीची कडच घ्या, पण दगडमाती टाकून उंचवटा करा. पाणी साचलं की कंद कुजतो.

पानं पूर्ण पिवळी पडेपर्यंत खणू नका. जुना कंद दरवर्षी संपतो आणि नवा तोवर भरत असतो. कुदळ लांबून मारा. कंद ठिसूळ, कोंब फक्त टोकाला. टोक मोडलं की तो कंद गेला. हातमोजे घाला, कोल्चिसीन हे विष कंदात आणि बियांत भरपूर असतं. वाळूत ठेवण्यापेक्षा सरळ नव्या जागी आडवे पुरा, खूण म्हणून काठी रोवा. तोडलेली करवंदीची काटकं वर टाकलीत तर आधारही होईल आणि शेळ्या-गुरंही लांब राहतील. बोंडं तडकायच्या आत काढून घ्या, आतल्या लाल बियांना लहान मुलं हमखास हात लावतात.

जेसीबी नक्की कधी येतोय? वेल तेव्हा हिरवे असतील तर काम पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का बघा.